ख्वारिज्मींचे गणित आणि मुलांच्या हातातील मोबाईल



‘अल्गोरिदम’ हा शब्द अलीकडे वारंवार कानावर पडतो. तो विलायतेतून आलेला आहे असा पुष्कळांचा समज असतो. परंतु त्याचे मूळ एका माणसाच्या नावात आहे. नवव्या शतकात बगदाद येथे मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी हे थोर गणिती होऊन गेले. भारतीय अंकपद्धतीवरील त्यांच्या ग्रंथाचे पुढे लॅटिनमध्ये भाषांतर झाले आणि त्यांच्या नावाच्या लॅटिन रूपावरून हा शब्द रूढ झाला. अल्गोरिदम म्हणजे एखादे काम कोणत्या क्रमाने करावयाचे याची ठरवून दिलेली रीत. भागाकाराची जी रीत आपण शाळेत गिरवतो, तीही एक अल्गोरिदमच होय. रीत स्वतः बरी वा वाईट नसते. ती कोणत्या हेतूने वापरली, हे पाहावे लागते.

मोबाईलवरील रीतीचा हेतू काय? २००६ पूर्वी फेसबुकवर मित्राने काय लिहिले हे त्याच्या पानावर जाऊन पाहावे लागे. त्या वर्षी सर्वांचा मजकूर एकाच ठिकाणी आपणहून समोर येऊ लागला. २००९ मध्ये ‘लाइक’चे बटण आले. यूट्यूबने २०१२ मध्ये, चित्रफीत किती जणांनी उघडली यापेक्षा किती वेळ पाहिली, याला अधिक महत्त्व दिले. २०१६ मध्ये इन्स्टाग्रामनेही वेळेचा क्रम सोडून आपल्या आवडीचा अंदाज बांधून क्रम लावण्यास आरंभ केला. कंपन्यांचे उत्पन्न जाहिरातींवर चालते, म्हणून आपण जितके अधिक थांबू तितका त्यांचा लाभ. पंगतीतला वाढपी ज्या पानावरचा पदार्थ संपला तेथे तोच पुन्हा वाढतो. तो त्या माणसाच्या प्रकृतीला मानवतो की नाही, हे त्यास ठाऊक नसते. तसेच येथे आहे. मारामारीची एक चित्रफीत मुलाने शेवटपर्यंत पाहिली की तशाच आणखी पाच समोर येतात. राग आणि भीती माणसाला खिळवून ठेवतात. मजकूर खरा की खोटा, हा प्रश्न क्रम लावणाऱ्या गणिताला सहसा पडत नाही.

छापील कागदाची गोष्ट वेगळी होती. १८६७ च्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव घालणे बंधनकारक झाले. खोटे छापले तर कोणाला जाब विचारावा हे कळत असे. फॉरवर्ड होऊन आलेल्या संदेशावर मुद्रकाचे नाव नसते.

याचे परिणाम आपल्या जवळच घडले आहेत. २०१४ साली वेगळा जिल्हा होण्यापूर्वी पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशीच्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर काही ओळी लिहिल्या व तिच्या मैत्रिणीने त्यास लाइक दिले. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे त्यांच्यावरील प्रकरण बंद झाले. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द झाले. मुलींचा अपराध नव्हता, हे आपण जाणतो. परंतु कायद्याचा न्याय २०१५ मध्ये आला. जमाव मात्र त्याच दिवशी येऊन गेला होता.

दुसरी घटना अधिक भयंकर आहे. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या, भिक्षेकरिता फिरणाऱ्या पाच जणांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. तशा अफवा व्हॉट्सॲपवर कित्येक दिवस फिरत होत्या. त्याच रात्री मालेगावातही परभणीकडील एका कुटुंबाला जमावाने घेरले. त्यांच्यासोबत लहान मूल होते. तेथे मात्र काही स्थानिक लोकांनी त्यांना घरात आसरा दिला व पोलिसांनी त्यांची सुटका केली. अफवा एकच, एका गावी पाच प्रेते पडली, दुसऱ्या गावी एक कुटुंब वाचले. फरक केला तो दारात उभ्या राहिलेल्या माणसांनी.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. त्या जून महिन्यात मीही असाच एक संदेश पालकांच्या गटावर पाठविला होता. शिक्षकाने पाठविला म्हणून तो खरा मानला गेला. त्या आठवड्यात आमच्या बाजूला बांगड्या विकावयास आलेल्या एका बाईला वाडीत शिरू दिले नाही. ती मुकाट्याने परत गेली. राईनपाड्याची बातमी वाचली तेव्हा मला प्रथम तीच बाई आठवली. येथे क्रम लावणारे यंत्र नव्हते. बोट माझे होते. व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविण्याची मर्यादा घातली. परंतु खरी मर्यादा आपल्या बोटाला हवी.

म्हणून विद्यार्थ्यांनो, मजकूर वाचून राग किंवा भीती वाटली तर तेथेच थांबा. हे कोणी, कोठे, केव्हा लिहिले ते विचारा. उत्तर मिळाले नाही तर पुढे पाठवू नका. अनोळखी व्यक्तीस छायाचित्र, पत्ता वा ओटीपी देऊ नका. आपले खाते खाजगी ठेवा. कोणी धमकावले तर संदेश पुसू नका, मोठ्यांना दाखवा. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० आणि मूल संकटात असल्यास १०९८ हे क्रमांक आहेत.

पालकांनो, २०२३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. परंतु घरातील विश्वास कोणताही कायदा निर्माण करू शकत नाही. मोबाईल काढून घेतील या भीतीने मुलगी गप्प राहिली, तर धमकावणाऱ्याचेच फावते. तेव्हा आधी ऐकून घ्या, मग बोला.

ख्वारिज्मींनी जगाला हिशेबाची रीत दिली. आज यंत्र आपल्या प्रत्येक क्षणाचा हिशेब ठेवीत आहे. आपणही आपला हिशेब ठेवू या: आज मी काय पाहिले, काय पुढे पाठविले आणि त्याने कोणाचे भले झाले?