एक छत्री, हजार पडदे

चित्रफीत चालवायची म्हटली की आपल्याकडे हात आपोआप त्या केशरी-पांढऱ्या शंकूकडे जातो. लग्नाची सीडी, मोबाईलमधलं भाषण, कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेला सिनेमा. जे कुठंच चालत नाही ते व्हीएलसीवर चालतं, असा आपला अनुभव. पण हे सॉफ्टवेअर मुळात फिती चालवण्यासाठी जन्मलंच नव्हतं. व्हीएलसी म्हणजे ‘व्हिडिओलॅन क्लायंट’. क्लायंट आहे म्हणजे कुठंतरी सर्व्हरही असणार. तो होता, आणि खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

पॅरिसजवळच्या शातने-मालाब्री इथं ‘एकोल सॉन्त्राल पारी’ या नामांकित अभियांत्रिकी संस्थेचं वसतिगृह होतं. तिथलं संगणकांचं जाळं विद्यार्थ्यांचीच संघटना सांभाळायची. जाळं जुन्या ‘टोकन रिंग’ पद्धतीचं, अतिशय संथ. 1990च्या दशकाच्या मध्यावर पोरांना वेगवान जाळं हवं होतं. कशासाठी? एकमेकांशी संगणकावर खेळ खेळण्यासाठी! संस्थेनं हात वर केले. जाळं तुमचं, पैसेही तुम्हीच उभे करा.

मग पोरं कंपन्यांच्या दारी गेली. टीएफ-1 या फ्रेंच दूरचित्रवाहिनीशी संबंध असलेल्या बुईग समूहाकडून एक कल्पना पुढे आली. उपग्रह वाहिन्यांचा जमाना येत होता. प्रत्येक खोलीला स्वतंत्र छत्री आणि डिकोडर देणं परवडणारं नव्हतं. त्यापेक्षा एकच मोठी छत्री लावायची आणि चित्र जाळ्यावरून खोल्याखोल्यांत न्यायचं. पोरांना हवं होतं ते मिळालं. जाळं वेगवान करायला आता सभ्य कारण सापडलं होतं.

हा प्रकल्प ‘नेटवर्क 2000’ म्हणून ओळखला गेला. 1998मध्ये काही विद्यार्थ्यांनी तो बाजूला ठेवून सगळं नव्यानं लिहायला घेतलं. त्याचंच नाव व्हिडिओलॅन.

यातली तांत्रिक अडचण समजून घेण्यासारखी आहे. एका वाहिनीच्या चित्राला सेकंदाला साधारण 5 मेगाबिट लागतात असं धरा. शंभर खोल्यांना वेगवेगळं पाठवायचं तर 500 मेगाबिट. तेव्हाच्या जाळ्याचा यात जीव गेला असता. उपाय होता मल्टिकास्ट. सर्व्हर एकच प्रवाह सोडतो, ज्याला पाहायचंय तो त्या गटात नाव नोंदवतो आणि वाटेतली यंत्रं गरजेपुरत्याच प्रती काढतात. गावातल्या पारावर एकानं मोठ्यानं पेपर वाचावा आणि सगळ्यांनी ऐकावं, तसंच. या गटांसाठी 224 ते 239नं सुरू होणारे पत्ते राखून ठेवलेले आहेत. चित्र 188 बाइटच्या तुकड्यांत येतं. असे सात तुकडे एका पाकिटात घातले की 1316 बाइट होतात, आणि ते इथरनेटच्या 1500च्या मर्यादेत नेमके बसतात. हा सात आकडा आजही या कामातल्या लोकांच्या तोंडी असतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत मी हाच उद्योग करून पाहिला. खालच्या दालनात व्याख्यान आणि वरच्या खोलीत जागा न मिळालेली मुलं-मुली. व्हीएलसीतून प्रवाह सोडला. वायफायवर चित्राचे अक्षरशः ठिकरे उडाले, कारण वायफाय मल्टिकास्ट बहुधा सर्वांत कमी वेगानं पाठवतं आणि हरवलेलं पाकीट पुन्हा देत नाही. शेवटी जिन्यावरून वायर ओढली तेव्हा चित्र आलं. व्याख्यान तोवर आभारप्रदर्शनापर्यंत पोचलं होतं!

असो. पोरांनी लिहिलेल्या कोडची मालकी मात्र संस्थेकडे होती. ते मुक्त करावं म्हणून विद्यार्थ्यांना पाठपुरावा करावा लागला. 1 फेब्रुवारी 2001 रोजी संस्थेच्या संचालकांच्या संमतीनं ते जीपीएल परवान्याखाली खुलं झालं. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस हाच. ती सही झाली नसती तर हे कोड पदवीच्या प्रकल्पांप्रमाणे कपाटात कुजलं असतं. पुढे सर्व्हरचं बहुतेक काम क्लायंटमध्येच आलं आणि वेगळ्या सर्व्हरची गरज संपली. म्हणूनच तुमच्या व्हीएलसीच्या मेन्यूत आजही ‘स्ट्रीम’ हा पर्याय दिसतो. तो नंतर जोडलेला नाही, ते त्याचं मूळ आहे. शंकूचं चिन्हही त्याच वसतिगृहातलं, पोरांनी रस्त्यावरून गोळा करून आणलेल्या शंकूंवरून घेतलेलं.

खुलेपणाची किंमतही मोजावी लागली. 2011च्या जानेवारीत ॲपलनं आपल्या दुकानातून व्हीएलसी काढलं, कारण दुकानाच्या अटी जीपीएलशी जुळत नव्हत्या. तक्रार व्हीएलसीच्याच एका विकासकानं केली होती. त्यानंतर ज्याँ-बाप्तिस्त केम्फ आणि सहकाऱ्यांनी कोड लिहिणाऱ्या शेकडो लोकांना गाठून बराचसा भाग सैल परवान्याखाली आणण्यासाठी एकेकाची संमती घेतली. कुणाच्याही मेहनतीवर परस्पर हक्क सांगायचा नाही, हे पथ्य त्यांनी पाळलं. 2013मध्ये ॲप दुकानात परतलं.

2022मध्ये पाळी आपली होती. फेब्रुवारीपासून भारतात व्हिडिओलॅनचं संकेतस्थळ उघडेनासं झालं. कारण कुणी जाहीर केलं नाही. माहितीच्या अधिकारात विचारलं तर माहिती उपलब्ध नसल्याचं उत्तर आलं. चिनी हॅकर टोळीनं व्हीएलसीचा गैरवापर केल्याच्या बातम्यांशी लोकांनी याचा संबंध जोडला, पण तो तर्कच राहिला. गंमत म्हणजे सॉफ्टवेअर दुकानांत मिळतच होतं. बंद होतं ते अधिकृत ठिकाण. म्हणजे खात्रीचा दरवाजा बंद आणि भेसळीचे सगळे उघडे. ऑक्टोबरमध्ये संस्थेनं इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीनं सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि बंदीच्या आदेशाची प्रत मागितली. नोव्हेंबरात बंदी उठली. संकेतस्थळ पुन्हा उघडू लागलं, त्या संध्याकाळी मी अभ्यासिकेच्या संगणकावर नवी आवृत्ती उतरवून घेतली.