ठराव मंजूर, पाणी नाही

नगरपालिकेचे इतिवृत्त वाचायला घेतले की गावाचा कारभार फार सुरळीत वाटू लागतो. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. गटार असो, दिवाबत्ती असो, बाजारातल्या बैठ्या जागांचे भाडे असो, सगळे त्याच एका साच्यातून बाहेर पडते. रायगडच्या किनारपट्टीला, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याला, या साच्याची सवय जुनी आहे. पनवेलची नगरपालिका १८५२ची, तर सावित्रीच्या खाडीतून व्यापार करणाऱ्या महाडची १८६५च्या सुमाराची. एवढ्या जुन्या दप्तरांत ठराव ढिगाने सापडतात. त्यांतले किती अमलात आले याचा पत्ता मात्र दप्तर सहसा लागू देत नाही. माझे म्हणणे असे की स्थानिक संस्थेचा खरा निर्णय ठरावाच्या वेळी होत नाही. तो पाळण्याचे काम ज्याच्या गळ्यात पडते, त्याने काय केले तिथे तो होतो. हे तपासून पाहायला महाड नगरपालिकेचे चवदार तळ्याविषयीचे दोन ठराव पुरेसे आहेत. एक १९२४चा, दुसरा १९२७चा, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट.

आधी या संस्था कोणाच्या होत्या ते पाहायला हवे. लॉर्ड रिपनने १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा पुरस्कार केला, १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला, आणि जिल्हा व तालुका बोर्डांवर लोकनियुक्त सभासद येऊ लागले. लोकनियुक्त म्हणायचे खरे, पण मताचा अधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या चाळणीतून गाळून येत असे. त्या चाळणीच्या वर कोण उरायचे हे महाडसारख्या व्यापारी पेठेत सांगायला नको. वगळलेल्यांना बोर्डात जागा मिळायची ती सरकारी नेमणुकीनेच. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झालेले आणि ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे महार समाजाचे पुढारी. त्यांना १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर नेमले, तेव्हा वरिष्ठ जातींच्या सभासदांना ते रुचले नाही आणि वर्तमानपत्रांतून वाद माजला. रस्त्यांची डागडुजी, शाळा, धर्मशाळा, विहिरी असले रोजचे विषय हाताळणारे ते बोर्ड. त्यात राजकारण फारसे नव्हते. तरीही एक माणूस त्याच बैठकीला येऊन बसणार एवढ्यानेच खळबळ उडाली. सरकारने नेमले की माणूस कागदावर सभासद होई. त्याला सभासद म्हणून वागवायचे की नाही हे शेजारच्या खुर्च्यांवर बसणारे ठरवत. १९२४ नंतर जे घडले त्याची तालीमच ही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय. सरकारने तो खात्यांकडे आणि स्थानिक संस्थांकडे पाठवला. पुढे १९२६ मध्ये बोल्यांनी त्याला शेपूट जोडले : जी नगरपालिका किंवा बोर्ड हे पाळणार नाही, त्याचे अनुदान रोखावे. महाड नगरपालिकेने मात्र त्या धाकाची वाट पाहिली नाही. ५ जानेवारी १९२४ रोजीच तिने तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. सुधारकी वळणाची माणसे तिथे होती. नगराध्यक्ष झालेले सुरेंद्रनाथ टिपणीस पुढे शेवटपर्यंत अस्पृश्यांच्या चळवळीबरोबर राहिले, म्हणून हा ठराव निव्वळ दिखावा होता असे मी म्हणणार नाही. पण तो इतक्या सहज का झाला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. उत्तर त्या ठरावाच्या घडणीतच आहे. त्यासाठी एक पैसा खर्ची टाकायचा नव्हता, शिपाई नेमायचा नव्हता, कोणाला नोटीस धाडायची नव्हती. तळ्यावर कोणी अडवले तर त्याचे काय करायचे, यावर अक्षरही नव्हते. अशा ठरावाला विरोध करायला कोणाला कारणच उरत नाही. पुढची तीन वर्षे तळ्यावर काहीही बदलले नाही.

बदलले नाही म्हणजे नेमके काय, हे १९ आणि २० मार्च १९२७ला महाडात भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेने दाखवून दिले. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी खटपट करून ती भरवली, डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते, गावोगावची काही हजार माणसे पायी आली होती. एवढ्या माणसांना पाणी हवे. नगरपालिकेच्या मालकीचे तळे हाकेच्या अंतरावर, ते सर्वांना खुले असल्याचा ठराव दप्तरात, आणि परिषदेच्या चालकांनी स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घेतले. त्या काळचे चाळीस रुपये. १९२४च्या ठरावाचे यापेक्षा चोख लेखापरीक्षण मला तरी ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्र्यांनी मुद्दा मांडला तोही या अंगाने महत्त्वाचा आहे. नवी मागणी त्यांनी केली नाही. नगरपालिकेने आधीच जे ठरवले आहे ते आपण जाऊन अमलात आणू, एवढेच त्यांचे सांगणे. सभा उठली, लोक रांगेने बाजारपेठेतून तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. थोड्याच वेळात ग्रामदैवत वीरेश्वराच्या देवळातही हे लोक शिरणार अशी हूल उठवली गेली आणि परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले. मग तळ्याची ‘शुद्धी’ झाली : पाण्याने भरलेल्या १०८ घागरी काढल्या, दही, दूध, शेण, गोमूत्र असे पंचगव्य सोडले, मंत्र म्हटले. या कामाला ठराव लागला नाही, निधी लागला नाही, आणि तरीही ते काही तासांत पार पडले. नगरपालिकेपेक्षा कार्यक्षम अशी दुसरी एक संस्था त्या गावात होती. तिला कार्यालय नव्हते, पण कोणी काय करायचे हे तिथे प्रत्येकाला माहीत होते.

त्यानंतर, ४ ऑगस्ट १९२७ रोजी, नगरपालिकेने तळ्याविषयीचा आपला जुना ठराव मागे घेतला. बोल्यांच्या ठरावाला त्याच दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. योगायोगच, पण बोचरा. या माघारीला भ्याडपणा म्हणून सोडून देण्याची रीत आहे. मला ती कागदपत्र म्हणून पहिल्या ठरावापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. १९२४ मध्ये सभासदांनी ज्याला हात वर केले त्याचा अर्थ त्यांना १९२७च्या मार्चात कळला, आणि अर्थ कळल्यावर त्यांनी खरे मत दिले. कोणी म्हणेल, मग नगरपालिकेने दुसरे काय करायचे होते? मतदारांच्या मनाविरुद्ध जाऊन लोकनियुक्त संस्था टिकत नाही. हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो, पण तो ‘मतदार’ कोणाला म्हणतो ते पाहावे. तळ्याचे पाणी ज्यांना हवे होते ते मतदारयादीत जवळपास नव्हतेच. ज्यांना मत होते त्यांचे पाणी आधीपासून चालू होते. अशा यादीचा कौल पाण्याच्या बाबतीत लोकमत म्हणून पुढे करणे म्हणजे पंगतीत बसलेल्यांना विचारून बाहेरच्यांची भूक ठरवण्यासारखे आहे.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. कागदी का होईना, ठराव होता म्हणूनच आंबेडकरांना कायद्याच्या जमिनीवर उभे राहता आले. ठराव नसता तर ती मिरवणूक घुसखोरी ठरली असती. यात तथ्य आहे, आणि ठराव अगदीच फोल होता असे म्हणणाऱ्याने ते मान्य केले पाहिजे. पण कोर्टात काय टिकले ते पाहिले तर गोष्ट जरा निराळी दिसते. डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरणार असे कळताच काही स्पृश्य रहिवाशांनी १२ डिसेंबरला दावा लावला. तळे आमच्या खासगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी ते न वापरण्याची वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. त्यामुळे २५ डिसेंबरच्या परिषदेत तळ्यावर जाणे तहकूब करावे लागले आणि ती परिषद मनुस्मृतीच्या दहनासाठी लक्षात राहिली. मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, दावा १९३१ मध्ये फेटाळला गेला, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातले अपील १९३३ मध्ये हरले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. दहा वर्षांच्या या वादात १९२४चा ठराव कडेलाच राहिला, कारण तो तर रद्दच झाला होता. निर्णायक ठरले ते वेगळेच दोन मुद्दे : तळे नगरपालिकेचे आहे, आणि वहिवाट अनादी असल्याचे शाबीत झाले नाही.

उच्च न्यायालयाच्या निकालातले तळ्याचे वर्णन मुद्दाम वाचण्याजोगे आहे. चारपाच एकरांचे तळे, निदान अडीचशे वर्षांचे, पाणी काही पावसाचे आणि काही जिवंत झऱ्यांचे. भोवती नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे स्पृश्यांची आणि काही मुसलमानांची घरे. पाण्यालगतच्या जमिनीच्या पट्ट्या, उतरायच्या पायऱ्या, दगडी बांध यांतले बरेचसे त्याच घरमालकांचे. म्हणजे पाणी नगरपालिकेचे, पण पाण्यापर्यंतची पायरी दुसऱ्याची! रोजचा निर्णय त्या पायरीवर होत होता, सभागृहात नाही. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी याच मांडणीवरून वहिवाटीचा दावा मोडून काढला. तळ्याभोवती स्पृश्यांची वस्ती होण्याआधी दुसऱ्यांना मज्जाव करण्याचा प्रयत्न तरी कोणी केला असेल का, अशी शंका त्यांनी घेतली. ‘पूर्वापार’ म्हणून जे सांगितले जात होते ते घरे बांधली गेली तसतसे वाढलेले असू शकते. नगररचना आणि रूढी यांचे नाते इतक्या थोडक्यात उलगडणारे लेखन आपल्याकडे थोडेच असेल, आणि ते एका दिवाणी निकालात सापडावे याची मौज वाटते.

इथे कोकणचा जाणकार वाचक मला अडवील. तो म्हणेल, कागद आणि अंमल यांच्यातली ही दरी इंग्रजांनी आणलेल्या संस्थांची आहे; आमच्या गावकीत ती नव्हती. पेण-अलिबागच्या खारेपाटाकडे बोट दाखवणे त्याला सोपे आहे. तिथे समुद्राचे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले बांध गावकरी ‘जोळा’च्या पद्धतीने सांभाळत. भरतीने बांधाला खांड पडली की ज्याची शेती त्या बांधाआड, त्याच्या घरचा माणूस मातीकामाला हजर व्हायचा. उघाडी, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, कधी उघडायची, कधी लावायची यासाठी कोणी सूचक-अनुमोदक शोधत बसत नसे. ठरवणारे आणि करणारे तेच, शिवाय पुढची भरती कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे चालढकल परवडत नसे. १९४८च्या खारभूमी कायद्यानंतर बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारी यंत्रणेकडे गेली आणि जोळ विस्कटले, ही तक्रार आजही तिकडे ऐकू येते आणि ती खोटी नाही. पण हे उदाहरण माझ्या म्हणण्याला पुष्टीच देते : राबणारे हात ज्या निर्णयात सामील असतात तो निर्णय अमलात येतो. त्यातून गावकीचा न्यायीपणा मात्र सिद्ध होत नाही. महाडच्या तळ्यात पंचगव्य ओतणाऱ्यांचे कामही जोळासारखेच झटपट आणि एकदिलाने झाले. एकदिलाने काम करणारी मंडळी कोणाला बाहेर ठेवते हा प्रश्न गावकी स्वतःला विचारत नाही. तो विचारण्याची सोय, निदान तत्त्वतः, नगरपालिकेच्या कायद्यात होती. म्हणूनच आंबेडकरांनी गावकीपुढे विनवणी केली नाही, त्यांनी नगरपालिकेचा ठराव हातात धरला.

उच्च न्यायालयाचा निकाल लागला त्याच १९३७ साली टिपणीस आणि चित्रे स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या विधानसभेत निवडून गेले आणि खोती नष्ट करण्याच्या आंबेडकरांच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. नगरपालिकेत अडलेली गाठ विधानसभेत सोडवू पाहणारी ही माणसे. बोल्यांच्या ठरावातली भाषा त्यानंतर आणखी वर चढली. संविधानाच्या १५व्या कलमात सरकारी पैशातून राखलेल्या किंवा जनतेसाठी वाहिलेल्या विहिरी, तळी, स्नानाचे घाट आणि रस्ते यांचा उल्लेख आहे, तो वाचताना १९२३ आठवल्याशिवाय राहत नाही. पण महाडच्या ठरावात जी जागा कोरी राहिली होती ती भरायला १९५५चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा यावा लागला. नदी, झरा, विहीर, तळे किंवा नळ यांवर अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणी कोणाला अडवले, तर अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असे त्यात लिहिले गेले.