धर्मशास्त्र, अपंगत्व आणि लैंगिकता

अपंग माणसाला कामेच्छा नसते, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. तो धर्मग्रंथांतून आला का, हे या टिपणात पाहू.

जबलपूरजवळच्या त्रिपुरीत (आजचे तेवर) कलचुरी राज्य करीत होते, त्याच काळात, इ. स. ११००च्या सुमारास, कल्याणीच्या चालुक्य दरबारी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. पुढे ब्रिटिश अमदानीत जबलपूरसह मध्य प्रांतातील न्यायालये हिंदूंच्या वारसाहक्कासाठी तिचाच आधार घेत.

मनू आणि याज्ञवल्क्य दोघेही जन्मांध, बधिर, वेडा, क्लीब अशांना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा नाकारतात. त्यांना फक्त अन्नवस्त्र द्यावे, असे सांगतात. पण अशांना विवाहाची इच्छा झाली तर त्यांच्या संततीला वाटा मिळतो, असेही मनू म्हणतो. याज्ञवल्क्य औरस पुत्राबरोबर नियोगाने झालेला क्षेत्रज पुत्रही मान्य करतो, मात्र तो स्वतः निर्दोष असला पाहिजे. म्हणजे शास्त्रकारांनी अपंगाची इच्छा नाकारली नाही. तिचे मोल वंशसातत्यावर ठरवले. त्याच्या निपुत्रिक पत्नीला पोटगी मिळे ती सदाचरणी असेल तरच; व्यभिचारिणीला घराबाहेर काढावे, असा नियम होता. तिला काय हवे, हा प्रश्नच तेथे येत नाही.

१९२८च्या कायद्याने मिताक्षरा मानणाऱ्या हिंदूंसाठी ही वारसाबंदी बव्हंशी उठवली. जन्मतः वेडे व मतिमंद मात्र वगळले. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तेही बंधन काढले. विवाहाच्या कायद्यात मात्र जुनी कसोटी टिकली. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, मानसिक विकारामुळे विवाहास व संततीस अयोग्य ठरणे ही विवाहातील अडचण आहे.

धर्माचे नाव न घेताही अपंगांच्या शरीरावर इतरांचा हक्क चालतो. १९९४ साली पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये काढण्यात आली; कारण दिले मासिक पाळीतील स्वच्छतेचे. निर्णय इतरांनी घेतला होता. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने संमतीशिवाय वंध्यत्व आणणाऱ्या उपचारांना मनाई केली.

स्मृतींनी विचारले, वंश चालेल का? वसतिगृहाने विचारले, व्यवस्था चालेल का? ‘तुला काय हवे?’ हा प्रश्न कायद्यात आता कुठे उमटू लागला आहे.

विचारासाठी प्रश्न : आपल्या घरातील विवाहविषयक बोलण्यात अपंग नातेवाइकाची इच्छा कोण विचारतो?