पकडलं म्हणजे नक्की काय? डंजन्स अँड ड्रॅगन्समधला पैलवान आणि अर्धवट नियम

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आहे. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो: कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. एक जण गेम मास्टर होतो. तो गोष्ट पुढे नेतो आणि पंचाचं कामही करतो. एखादी कृती साधली की फसली, हे बहुतेक वेळा वीस पैलूंच्या फाशावर ठरतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली बाजारात आला. या लेखातली उदाहरणं २०१४ ची पाचवी आवृत्ती आणि तिचे २०२४ चे सुधारित नियम यांतली आहेत.

पात्राला काय जमतं याचे नियम रोजच्या इंग्रजीत लिहिलेले असतात. वाद तिथेच सुरू होतो, कारण शब्द रोजचा असला तरी त्याचा अर्थ खेळापुरता ठरवलेला असतो.

लाल मातीतली पकड, पुस्तकातली पकड

कोल्हापुरात हा खेळ मांडला तर चौघांतला एक जण पैलवान घेणारच. शाहू महाराजांनी उभारलेलं खासबाग मैदान ज्या शहरात आहे, तिथे पकड म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नेमकी तीच अडचण आहे. समजा, आपल्या पैलवानाने शत्रूच्या जादूगाराला धरलं. खेळाडूच्या मते आता तो जादूगार संपला. पुस्तक उघडलं तर २०१४ च्या नियमात पकडलेल्याचा वेग शून्य होतो, बस्स. तो तलवार चालवू शकतो, मंत्र म्हणू शकतो, पैलवानाच्या पोटात सुरा खुपसू शकतो.

तालमीत वाढलेला माणूस म्हणेल, मग धरलं कशाला? पण नियमामागे हिशेब आहे. पकड घालायला पात्राचा फक्त एक हल्ला खर्च होतो आणि दोघांच्या फाशांची एक झटापट होते. एवढ्या स्वस्तात शत्रू पूर्ण निकामी झाला, तर प्रत्येक लढाई पहिल्याच फाशावर संपेल आणि बाकीचे तिघे नुसते बघत बसतील.

म्हणून पहिली पायरी साधी आहे: क्षमतेच्या वर्णनातला शब्द खेळाने कुठे व्याख्येत बांधला आहे का, ते बघा. बांधला असेल तर आपली कुस्ती बाजूला ठेवा. ‘आडवा पडणं’ हाही असाच शब्द आहे. पाठीवर पडला की पोटावर, खेळाला फरक पडत नाही. चितपट हा प्रकारच तिथे नाही.

असं वाचलं की पैलवानाचं नुकसानच होतं, असंही नाही. आडवा पडलेल्याला उठायला निम्मा वेग खर्चावा लागतो, आणि पकडलेल्याचा वेग शून्य असतो. म्हणजे शत्रूला धरून खाली पाडलं, तर पकड सुटेपर्यंत त्याला उठताच येत नाही. पडल्या पडल्या त्याचे वार कमजोर होतात आणि जवळून त्याच्यावर होणारे वार जास्त लागतात. वर बसून दाबून ठेवण्याचा हा डाव पुस्तकात एका जागी लिहिलेला नाही. दोन नियम शेजारी ठेवल्यावर तो सापडतो.

नसलेल्या नियमाचा अपवाद

या खेळात विशेष नियम सामान्य नियमावर मात करतो. पण अपवाद दिसला म्हणजे मूळ नियम असणारच, असं धरून चालू नका. २०१४ च्या पुस्तकात ग्रॅपलर नावाचं एक खास कौशल्य आहे. पहिल्या छपाईत त्याचे तीन फायदे होते. तिसऱ्याचा आशय असा, की तुमच्याहून एक आकार मोठा प्राणी तुमच्या पकडीतून आपोआप सुटत नाही. साहजिकच वाचणाऱ्याला वाटलं, की बाकीच्यांच्या पकडीतून मोठे प्राणी आपोआप सुटत असणार. तसा नियम पुस्तकात कुठेच नव्हता! पुढे शुद्धिपत्रात तो तिसरा फायदा काढून टाकला गेला. तोवर ज्यांनी त्या फायद्यासाठी हे कौशल्य घेतलं, त्यांच्या पदरात काहीच पडलं नव्हतं.

‘केलास तर’ की ‘करणार असशील तर’

दुसरं गाजलेलं भांडण ढालीचं. शील्ड मास्टर या कौशल्यानुसार, आपल्या पाळीत हल्ल्याची कृती केली तर ढालीने शत्रूला ढकलताही येतं. मग आधी ढकलून पाडायचं आणि पडलेल्यावर वार करायचे, हे चालेल का? नियमांचे प्रमुख रचनाकार जेरेमी क्रॉफर्ड यांनी आधी क्रम कुठलाही चालेल असं सांगितलं आणि २०१८ मध्ये मत बदललं: आधी हल्ला, मग ढाल.

इंग्रजी वाक्यात क्रम मोकळा राहू शकतो. मराठीत सांगताना मात्र निवड करावीच लागते. ‘हल्ला केलास तर’ म्हटलं की हल्ला आधी झाला, ‘करणार असशील तर’ म्हटलं की ढाल आधी चालते. नियम मराठीत समजावणारा गेम मास्टर नकळत निकाल देऊन बसतो, तेव्हा अशा ठिकाणी मूळ वाक्य सगळ्यांना दाखवलेलं बरं. २०२४ मध्ये हे कौशल्य नव्याने लिहिलं गेलं. आता वार लागल्यावर लगेच ढाल मारता येते, त्यामुळे तो वाद मिटला.

पुस्तक गप्प असेल तेव्हा

आता खरा अवघड प्रश्न. पैलवानाने जादूगाराला एका हाताने धरलंय. खेळाडू म्हणतो, “दुसऱ्या हाताने त्याचं तोंड दाबतो.” तोंडात बोळा असलेल्याला उच्चाराचे मंत्र म्हणता येत नाहीत, हे पुस्तकात आहे. पण हाताने तोंड दाबलं तर तेच होतं का आणि त्याला काय खर्च पडतो, याबद्दल एक अक्षर नाही. आणि प्रश्न छोटा नाही. मिस्टी स्टेप या मंत्राला फक्त उच्चार लागतो आणि तो म्हणणारा तीस फूट दूर प्रकट होतो, म्हणजे पकड सुटलीच.

इथे तुलना कामाला येते. ग्रॅपलर घेतलेल्या पात्राला २०१४ च्या नियमात शत्रू जखडायचा असेल तर पूर्ण एक कृती आणि आणखी एक झटापट खर्चावी लागते, शिवाय ते स्वतःही जखडलं जातं. इतकं करूनही मंत्र थांबत नाहीत. मग तोंड दाबणं फुकट दिलं, तर कौशल्य विकत घेणाऱ्याने काय घोडं मारलंय? सरळ नकार देणंही मला पटत नाही, कारण कल्पना चांगली आहे आणि असं सुचावं म्हणूनच हा खेळ खेळतात. माझ्या मते पूर्ण एक कृती आणि वेगळी झटापट मागावी, दोन्ही हात गुंतले असं धरावं आणि पैलवानाच्या पुढच्या पाळीपर्यंतच तोंड बंद ठेवावं. फासा टाकण्याआधी ही किंमत खेळाडूला सांगावी, म्हणजे नको असेल तर त्याला बेत बदलता येतो.

हाच निकाल उद्या उलट्या बाजूने लागेल, हेही तेव्हाच बोलून घ्यावं. पुढच्या लढाईत एखादा राक्षस आपल्या जादूगाराचं तोंड दाबेल, तेव्हा त्यालाही तेवढाच खर्च.

२०२४ च्या नियमांत पकड थोडी कुस्तीच्या जवळ आली आहे. पकडलेला माणूस पकडणाऱ्याला सोडून दुसऱ्या कुणावर वार करू लागला, तर ते वार कमजोर पडतात. दोन आवृत्त्यांची पुस्तकं एकाच टेबलावर असतील तर कुठली चालणार, हे पहिल्याच दिवशी ठरवावं. पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उपलब्ध आहेत. त्यात नमुन्यादाखल एकच खास कौशल्य दिलंय, आणि ते नेमकं ग्रॅपलर आहे, उरलेल्या दोन फायद्यांसह.