सेन नदीतली नळी, मोरव्याची धावपट्टी

विमानाचा वेग मोजणारी नळी मुळात नदीतली. 1732 साली आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने पॅरिसच्या सेन नदीत दोन नळ्या उभ्या धरल्या. एक सरळ, दुसरीचं खालचं तोंड प्रवाहाकडे वळवलेलं. वळवलेल्या नळीत पाणी जास्त चढलं. प्रवाह सेकंदाला एक मीटर असेल तर पाच सेंटिमीटर, दोन मीटर असेल तर वीस. खोलात वेग वाढतो हा तेव्हाच्या विद्वानांचा समज या नळीने मोडीत काढला.

पुढे हेन्री दार्सी या दुसऱ्या फ्रेंच अभियंत्याने नळी सुधारली. राईट बंधूंच्या 1903 च्या विमानावर मात्र वाऱ्याने फिरणारं पंख्याचं यंत्र होतं. पितोची नळी विमानात रुळली ती त्यानंतर, आणि येताना आपली खोडही घेऊन आली: तिला वेग कळत नाही, दाब कळतो. विमानाच्या वेगाचे बहुतेक प्रकार या खोडीतून निघाले.

चंद्रपूरजवळ मोरव्याच्या धावपट्टीवर नागपूर फ्लाइंग क्लबचे विद्यार्थी हेच प्रकार शिकतात. वेगाच्या तबकडीवर दिसतो तो दर्शित वेग. नळी आणि दाबाची छिद्रं कुठे बसवली आहेत यावरून येणारी चूक वजा केली की दुरुस्त वेग. लहान विमानात हा फरक बहुधा किरकोळच.

खरी गोम हवेत आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 वर गेला की हवा विरळ होते. तबकडी 60 नॉट दाखवते तेव्हा हवेतून विमानाचा खरा वेग 64 च्या आसपास असतो. पंखांना उचल मिळते ती दाबावर, म्हणून वैमानिकाने उड्डाणाचा आकडा तबकडीवरचाच पाळायचा. पण तो गाठेपर्यंत चाकं जमिनीवर जास्त वेगाने धावतात, इंजिनही मंदावलेलं असतं, आणि धावपट्टी जास्त खर्ची पडते. नवशिक्याला हे पुस्तकात पटत नाही, मे महिन्यात पटतं.

जमिनीवरचा वेग हा चौथा. खऱ्या वेगात वारा मिळवायचा किंवा वजा करायचा. 90 नॉटने जाणाऱ्या विमानाला समोरून 20 चा वारा लागला, तर खालची झाडं 70 नेच मागे सरतात. इंधनाचा हिशेब याच आकड्यावर.

गडचिरोलीत निवडणुकीची पथकं दुर्गम केंद्रांवर नेणाऱ्या हेलिकॉप्टरांची अडचण आणखी निराळी. उतरताना वेग पार कमी होतो, वर पात्यांचा झोत, त्यामुळे नळीचा आकडा भरवशाचा राहत नाही. शिवाय कुंभारीण माशी: तिला असलं आयतं बीळ फार आवडतं. 1996 मध्ये बर्गनएअरचं विमान डोमिनिकन प्रजासत्ताकाजवळ समुद्रात कोसळून 189 माणसं गेली. एक नळी बुजली होती, आणि तपासात संशय अशाच माशीच्या मातीच्या घरट्यावर गेला. विमान उभं असताना नळीवर लाल टोपी चढवतात, ती यासाठी.