गनप्ला
‘गंडम’ या जपानी दूरचित्रवाणी मालिकेतील यंत्रमानवाची, सुटे भाग जोडून तयार करावयाची प्लॅस्टिक प्रतिकृती. ‘गंडम’ व ‘प्लॅस्टिक मॉडेल’ या शब्दांच्या संक्षेपातून हे नाव रूढ झाले. काटेकोर अर्थाने गंडम हा यंत्रमानव नव्हे. आत बसलेल्या चालकाने चालवावयाचे ते १८ मी. उंचीचे मनुष्याकृती रणयंत्र होय. लोकव्यवहारात मात्र हा भेद पाळला जात नाही.

मूळ मालिका ७ एप्रिल १९७९ ते २६ जानेवारी १९८० या काळात प्रसारित झाली. तिचे दिग्दर्शन योशियुकी तोमिनो यांचे, तर यंत्राकृतींचे आरेखन कुनिओ ओकावारा यांचे होते. लहान मुलांची खेळणी खपावीत, ही प्रायोजकांची अपेक्षा पुरी न झाल्यामुळे ५२ भागांची नियोजित मालिका ४३ भागांतच आटोपती घ्यावी लागली. तथापि तिचा खरा प्रेक्षक वयाने मोठा होता. पुनःप्रसारणामुळे आणि १९८१-८२ मधील तीन चित्रपटांमुळे तो वाढत गेला. त्याला खेळण्याऐवजी प्रतिकृती हवी होती.

ही मागणी बांदाई या कंपनीने ओळखली. प्रतिकृती-उद्योगाचे केंद्र असलेल्या शिझुओका येथील इमाई कंपनीचा कारखाना तिने १९६९ मध्येच घेतला होता. जुलै १९८० मध्ये तिने १ : १४४ प्रमाणाचा, सु. १२·५ सेंमी. उंचीचा पहिला संच ३०० येन किंमतीस विक्रीस आणला. त्यातील सर्व भाग एकाच पांढऱ्या रंगाचे होते. ते चौकटीतून कापून गोंदाने चिकटवणे, सांध्याची रेघ घासून बुजवणे आणि निळा, तांबडा, पिवळा हे रंग भरणे, ही सर्व कामे जोडणाऱ्याकडेच होती. हातपाय फारसे वाकत नसत. तरीही दुकानांपुढे रांगा लागू लागल्या. जानेवारी १९८२ मध्ये चिबा प्रांतातील एका विक्रीभांडारात संच घेण्यासाठी धावलेली मुले सरकत्या जिन्यावर पडून जखमी झाली.

या संचाच्या सुधारित आवृत्त्या पुढे वारंवार निघाल्या. त्यांपैकी १९९० च्या ‘हाय ग्रेड’ संचाचे महत्त्व विशेष आहे. त्यात निरनिराळ्या रंगांचे प्लॅस्टिक एकाच साच्यात, परंतु स्वतंत्र वाटांनी दाबून भरले जाई. त्यामुळे एकाच चौकटीवर अनेक रंगांचे भाग मिळत. हे भाग खुंटी व भोक यांच्या घट्ट बसणीने जुळत असल्याने गोंद लागत नसे. यानंतर १ : १०० प्रमाणाचा ‘मास्टर ग्रेड’ (१९९५) व १ : ६० प्रमाणाचा ‘परफेक्ट ग्रेड’ (१९९८) हे संच आले. त्यांत बाह्य कवचाखालील सांगाड्यासही महत्त्व मिळाले. २०१० च्या ‘रियल ग्रेड’मध्ये तर सांगाड्याचे सांधे साच्यातूनच जुळलेले व हलते असे बाहेर पडतात. २०२० च्या ‘एंट्री ग्रेड’ संचास कोणतेही हत्यार लागत नाही. भाग बोटांनीच सुटतात आणि चिकटचित्रांवाचून रंगसंगती जमते. पूर्वी जोडणाऱ्याच्या हातात असलेले कौशल्य अशा रीतीने क्रमाक्रमाने साचे बनविणाऱ्याकडे गेले. नवशिक्याची यात सोय झाली, हे निर्विवाद. पण रंगकामातून प्रत्येक प्रतिकृतीस येणारे वेगळेपण आता जोडणाऱ्याने हौसेने आणले, तरच येते.

रूपाचा प्रश्न याहून अवघड आहे. चित्रातील गुडघा जाडीची पर्वा न करता कसाही वाकू शकतो. प्लॅस्टिकच्या गुडघ्यास ती मुभा नाही. शिवाय मूळ चित्रेही प्रसंगाप्रसंगाने बदलतात. म्हणून प्रत्येक नव्या आवृत्तीस ‘खरा’ गंडम कोणता, हे नव्याने ठरवावे लागले. सामान्यतः डोके लहान, पाय लांब आणि पृष्ठभागावरील रेषा दाट होत गेल्या. काही जुन्या हौशींना हा बदल रुचत नाही, व त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नाही; ओकावारांच्या आरेखनातील ठसठशीत साधेपणा या रेषांखाली हरवतो. ‘रिव्हायव्हल’ या नावाने निघालेल्या आवृत्तीत उलट मार्ग पत्करलेला दिसतो. तिची ठेवण १९८० च्या संचाचीच असून नवे आहे ते गोंदाविना जुळणे व भागांचे वेगवेगळे रंग. मूळ ३०० येनांच्या संचाचेही पुनरुत्पादन वेळोवेळी झाले असून तो जोडण्यास आजही गोंद व रंग लागतात.