हेनिओचा पत्ता

पोलंडमधल्या लुब्लिन शहरात दरवर्षी १९ एप्रिलला शाळेतली मुले हेनिओ झितोमिर्स्की या मुलाला पत्रे लिहितात. पत्ता त्याच्या जुन्या घराचा. पत्रे परत येतात. पाकिटावर टपालखात्याचा शेरा असतो, ‘पत्त्यावरील व्यक्ती अज्ञात’.

हेनिओ १९३३चा. १ सप्टेंबर १९३९ रोजी तो पहिलीत जाणार होता. त्याच दिवशी हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये घुसल्या. पुढे शहराला लागूनच असलेल्या मायदानेकच्या छळछावणीत तो मारला गेला.

युद्धापूर्वी लुब्लिनमध्ये दर तीन माणसांत एक ज्यू होता. मार्च १९४२पासून त्यांना आगगाड्यांत कोंबून बेल्झेत्सला मारण्यासाठी नेले आणि मागोमाग त्यांची वस्तीही पाडली. आज किल्ल्यापुढची मोकळी जागा पाहून तिथे गल्ल्या, दुकाने, सिनेगॉग होते असे कुणाच्या मनातही येत नाही. जुन्या गावाच्या आणि या वस्तीच्या मध्ये उभ्या असलेल्या ग्रोद्झ्का वेशीत १९९०च्या सुमारास एक नाट्यसंस्था आली, तेव्हा तिच्या मंडळींनाही यातले काही ठाऊक नव्हते. पत्रांचा उपक्रम त्यांचाच, २००५पासूनचा.

दप्तरखान्यात वय घालवलेल्या माझ्यासारख्याला हा प्रकार आधी भाबडाच वाटला. मेलेल्या मुलाला पत्र लिहून पुरावा कोणता मिळणार? पण पाकिटावर पत्ता घालायचा तर गल्ली कोणती, घर कोणते, हे विचारावेच लागते. आणि परत आलेले पाकीट हा अस्सल कागद आहे: शिक्का गावातल्याच टपालाचा.

पोद्वाले रस्त्यावर त्या वस्तीतला एक दिवा उरला आहे. तो दिवसाही विझवत नाहीत.